एका गोळीची कुळकथा

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंकडून आला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मंडळाच्या सहलीचे वर्णन असावे. ते दुसरे कोणी माझ्याहून चांगले लिहील. मी आपणांपुढे ठेवणार आहे ती एका औषधाच्या गोळीची कुळकथा. मंडळाच्या सभासदांपैकी माझ्या माहितीतल्या निदान पाच घरांत ही गोळी औषधांच्या डब्यात आहे. आकाराने वाटाण्याएवढीही नाही. बहुधा रात्री निजताना घ्यावयाची. आणि जिला ती द्यावयाची तिला आपण ती घेतली की नाही, हेच पुष्कळदा आठवत नाही. डोनेपेझिल असे तिचे नाव. अल्झायमर या विस्मरणाच्या विकाराची लक्षणे सौम्य करण्यासाठी जी चार औषधे आज दिली जातात, त्यांतली ही सर्वांत अधिक वापरात असलेली.

मी तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकविले. त्यामुळे कोणतीही बाटली हाती आली की ही वस्तू आली कोठून, हे शोधल्यावाचून मला राहवत नाही. शिवाय आमच्या थोरल्या जाऊबाईंना हा विकार जडून आता सात वर्षे होत आली. जिज्ञासा आणि गरज अशा दोन्ही एका घरात नांदावयास आल्या. त्यातच गेल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एका भगिनीने मला बाजूला घेऊन विचारले, "या गोळ्यांनी खरेच काही होते का हो? की उगीच दर महिन्याला पैसे मोजायचे?" प्रश्न अगदी नेमका होता. त्याला ‘हो’ म्हणावे तर खोटे आशादायक होते आणि ‘नाही’ म्हणावे तर अर्धे खोटे होते. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्याकडे या विकाराला रोग म्हणून नाव नव्हते. म्हण मात्र होती, ‘साठी बुद्धी नाठी’. ‘म्हातारचळ’ हा शब्द तर इतका सवयीचा, की तो उच्चारला म्हणजे पुढे काही विचारावयाचे उरतच नसे. जेवून हात धुतल्यावर अर्ध्या तासात सासूबाईंनी ओट्यावर बसून ‘मला सकाळपासून कोणी अन्न दिले नाही’ असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगावे आणि आळीने सुनेकडे संशयाने पाहावे, हे आपल्यांपैकी कित्येकींनी पाहिले असेल. काहींनी सोसलेही असेल. पाटल्या चोरल्याचा आळ मोलकरणीवर यावयाचा, आणि पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडावयाच्या.

या विकाराला ज्यांचे नाव मिळाले त्या आलोइस अल्झायमर यांच्यापुढे आलेली पहिली रोगीही एक संसारी बाईच होती. 1901 सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात एका रेल्वे कारकुनाने आपल्या पत्नीला आणून दाखल केले. ऑगुस्टे डेटर तिचे नाव, वय 51. नवऱ्यावर विनाकारण संशय, वस्तू उचलून भलत्याच जागी दडविणे, कोणी आपल्याला मारावयास आले आहे म्हणून ओरडणे, अशी तिची लक्षणे होती. अल्झायमर तेव्हा 37 वर्षांचे होते. त्यांनी तिच्यापुढे बसून साधेसाधे प्रश्न विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. नाव विचारले तर ऑगुस्टे. आडनाव विचारले तरी ऑगुस्टे. नवऱ्याचे नाव विचारले, तर तेही बहुधा ऑगुस्टेच! दुपारी तिच्या पानात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खाता आहात, असे विचारल्यावर ती म्हणाली, पालक. मी स्वतःलाच हरवून बसले आहे, अशा अर्थाचे तिचे उद्गारही त्या कागदांत आहेत. हे कागद पुढे कोठेसे पडून राहिले आणि 1995 साली फ्रँकफुर्टमध्येच सापडले. मी त्यांची भाषांतरित हकीकत वाचली तेव्हा एवढ्या जुन्या, परक्या देशातल्या बाईचे बोलणे आमच्या घरातल्यासारखे कसे, असे वाटून गेले.

ऑगुस्टे 1906 च्या एप्रिलमध्ये वारली. अल्झायमर तोवर म्यूनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर कसलेसे ठिपके साचलेले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झालेला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथे डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे सांगितले, तर श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नही विचारला नाही म्हणतात. 1910 साली त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला ‘अल्झायमरचा रोग’ असे नाव दिले.

नाव मिळाले, पण त्या नावाची चौकट फार लहान केली गेली. ऑगुस्टे म्हातारी नव्हती. तेव्हा हा रोग पन्नाशी-साठीच्या आतबाहेरच्या माणसांचा, आणि सत्तरीपलीकडे विसरतात ते केवळ वयामुळे, असा समज पुढे साठाहून अधिक वर्षे राहिला. म्हणजे युरोपातही ‘साठी बुद्धी नाठी’च! 1976 साली अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या लेखात ठासून सांगितले की पन्नाशीतला तो रोग आणि ऐंशीतले हे विस्मरण या दोन निराळ्या गोष्टी नव्हेतच. मेंदूतले ठिपके व गुंते तेच आहेत. त्या एका लेखाने म्हातारपण निराळे झाले आणि रोग निराळा झाला. रोग म्हटला की मग औषध शोधावयाचे.

येथे थोडी शाळा घ्यावी लागते. कंटाळा करू नये.

आपल्या शिरा, म्हणजे ज्यांना मज्जातंतू म्हणतात त्या, एकमेकींना थेट जोडलेल्या नसतात. एकीच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत निरोप पोचवावयास रसायनाचा थेंब लागतो. हे 1921 साली ऑटो लोवी यांनी ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे सिद्ध केले. प्रयोग कसा करावा हे त्यांना रात्री स्वप्नात सुचले. अर्धवट झोपेत त्यांनी ते कागदावर खरडले, आणि सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा गृहस्थ उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाची शीर चेतवून त्याचे ठोके मंद केले आणि त्याभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर घातले, तर तेही मंद झाले. पाण्यात उतरलेले ते रसायन म्हणजे अ‍ॅसेटिलकोलिन. 1936 चे नोबेल पारितोषिक लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना मिळून मिळाले. (लोवी ज्यू असल्यामुळे 1938 साली नाझींनी त्यांना तुरुंगात टाकले आणि त्या पारितोषिकाचे पैसे काढून घेऊन मगच देशाबाहेर जाऊ दिले. हे विषयाला सोडून आहे, पण सांगितल्यावाचून राहवले नाही.)

या रसायनाचा आठवणीशी संबंध आहे, हे कळावयास मदत झाली ती आपल्या ओळखीच्या एका झुडपाची. धोतरा! महादेवाला वाहतो तोच. त्याच्या बियांत जी विषे असतात, त्यांतले एक, स्कोपोलामिन नावाचे, अ‍ॅसेटिलकोलिनचा निरोप पोचू देत नाही. धोतरा पोटात गेलेला माणूस बरळतो, भलतेच पाहतो, आणि शुद्धीवर आल्यावर मधले काही त्याला आठवत नाही. आपल्याकडचे चोर हे शास्त्रज्ञांच्या फार आधी ओळखून होते. वाटसरूला गोड बोलून धोतऱ्याचे बी चारावयाचे आणि लुटावयाचे, हा जुना धंदा. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथातही धोतरा चारून घरातले दागिने लांबविल्याची हकीकत आहे. 1974 साली अमेरिकेतील डेव्हिड ड्रॅकमन यांनी तरुण, धडधाकट स्वयंसेवकांना स्कोपोलामिन मोजून टोचले आणि त्यांच्या आठवणीची परीक्षा घेतली. ते तरुण म्हाताऱ्या माणसांसारखे चुकू लागले.

लगेच 1976 आणि 1977 मध्ये ब्रिटनमधून तीन ठिकाणांहून एकच बातमी आली. एडिंबरोला पीटर डेव्हिस, न्यूकॅसलला एलेन पेरी आणि त्यांचे सहकारी, लंडनला डेव्हिड बोवेन, यांनी या रोगाने वारलेल्यांच्या मेंदूंत पाहिले तर अ‍ॅसेटिलकोलिन तयार करणारे विकरच फार घटलेले. आता वाट दिसू लागली.

हौदाचा दाखला घेऊ. नळाची धार बारीक झाली आहे आणि तळाच्या भोकातून पाणी नेहमीच्याच वेगाने वाहून जाते आहे. नळ आपल्या हातात नाही. मग काय करावयाचे? भोकात चिंधीचा बोळा कोंबावयाचा, म्हणजे थोडे थोडे येणारे पाणी तरी टिकेल. मेंदूत अ‍ॅसेटिलकोलिनचे काम झाले की ते फोडून टाकणारे दुसरे एक विकर असते. तेच हे भोक. आमची गोळी म्हणजे तो बोळा. त्याहून अधिक काही नाही, आणि त्याहून कमीही नाही. नळाची धार दिवसेंदिवस बारीक होतच राहते. बोळ्याने ती वाढत नाही. एवढे ज्या घराने समजून घेतले, त्या घराची पुढची निराशा पुष्कळ कमी होते.

असा बोळा निसर्गात पूर्वीपासून होता. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार भागात एक घेवड्यासारखे बी होते. गुन्ह्याचा संशय असलेल्याला ते खावयास देत. वांती झाली आणि जगला तर निर्दोष, मेला तर दोषी! 1855 साली एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी ते स्वतः खाऊन पाहिले आणि कसेबसे वाचले. त्यातले द्रव्य, फायसोस्टिग्माइन, 1864 साली निराळे काढले गेले. रोग्यांच्या आठवणीत त्याने क्षणिक सुधारणा दिसे, पण गुण अत्यल्प काळ टिके आणि उपद्रव फार.

पहिली खरी गोळी म्हणजे टॅक्रिन. तिचा जन्म ऑस्ट्रेलियात सिडनीला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जखमांवरील जंतुनाशके शोधता शोधता एड्रियन अल्बर्ट यांच्या हातून झाला. चाळीस वर्षांनी, 1986 साली, कॅलिफोर्नियाचे विल्यम समर्स यांनी ती 17 रोग्यांना देऊन पाहिली आणि जाहीर केले की त्यांतली एक बाई आपली बरीचशी घरकामे पुन्हा करू लागली, एक जण अर्धवेळ नोकरीवर गेला, एक पेन्शनर रोज गोल्फ खेळू लागला. केवढी आशा पसरली असेल! पुढे मोठ्या प्रमाणावर चाचण्या झाल्या तेव्हा इतका गुण कोठेच आला नाही. समर्स यांच्या कागदपत्रांवरही सरकारी तपासनिसांनी ठपका ठेवला. तरी रोग्यांच्या घरच्यांचा रेटा असा होता, आणि दुसरे काही नव्हतेच, की 1993 च्या सप्टेंबरात अमेरिकेने टॅक्रिनला परवानगी दिली. दिवसातून चार वेळा घ्यावयाची, आणि सुमारे चौघांत एकाच्या यकृताला ती बाधे, म्हणून सारखे रक्त तपासावयाचे. ती आज वापरात नाही, आणि त्याचे वाईट वाटण्याचे कारणही नाही.

आता आमच्या डोनेपेझिलचे माहेर. ते जपान. हाचिरो सुगिमोटो नावाचे एक रसायनतज्ज्ञ, गरीब घरातले, नऊ भावंडांतले आठवे. ‘हाचिरो’ या नावातच आठचा आकडा आहे. शाळेचे तांत्रिक शिक्षण संपताच 1961 साली ते एसाई या औषध कंपनीत लागले आणि पदवी रात्रीच्या कॉलेजात घेतली. पुढे त्यांच्या आईला विस्मरण जडले. ते भेटावयास गेले तेव्हा आईने विचारले, आपण कोण? ते म्हणाले, मी तुझा मुलगा हाचिरो. आई म्हणाली, हो का? मलाही हाचिरो नावाचा एक मुलगा आहे. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितलेला आहे. 1983 च्या सुमारास त्यांनी या रोगावरील औषधाचे काम हाती घेतले.

प्रथम टॅक्रिनचीच निरनिराळी रूपे करून पाहिली, सगळी विषारी. मग दैवाने हात दिला. रक्तवाहिन्यांच्या दुखण्यासाठी केलेले एक द्रव्य उंदरांना दिले तर त्यांच्या तोंडाला सारखी लाळ सुटू लागली. दुसऱ्या कोणी ते उंदीर पुसून पुढचे काम पाहिले असते. पण लाळ सुटणे हे अ‍ॅसेटिलकोलिन वाढल्याचे लक्षण. सुगिमोटोंनी नेमका तोच धागा पकडला. शेकडो द्रव्ये बनविली. एक फार गुणकारी निघाले, परंतु पोटातून दिले तर रक्तात पोचेचना. कंपनीने काम थांबविण्याचे ठरविले. सुगिमोटो आणि त्यांचे सोबती हट्टाने चिकटून राहिले, आणि त्यातून जे द्रव्य हाती आले ते डोनेपेझिल. ते शरीरात इतका वेळ टिकते की दिवसातून एक गोळी पुरते, आणि यकृताला टॅक्रिनसारखा त्रास देत नाही. अमेरिकेत 1996 च्या नोव्हेंबरात ते मान्य झाले; खुद्द जपानमध्ये मात्र 1999 साली. माहेरच्यांनीच उशिरा ओळखावे, हे आपल्याकडेही होतेच.

तिच्या बहिणींपैकी रिव्हास्टिग्माइनचे श्रेय एका स्त्रीकडे जाते, म्हणून स्त्रियांच्या या अंकात तिचे नाव आलेच पाहिजे. मार्टा वाइनस्टॉक. 1935 साली व्हिएन्नात जन्म. नाझींच्या भयाने लहानपणीच कुटुंबासह इंग्लंडला आसरा. लंडनला औषधशास्त्राचे शिक्षण. 1969 पासून इस्राएल, आणि पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात. कॅलाबारच्या त्या विषारी बियांतल्या द्रव्याचा साचा घेऊन त्यांनी त्याला सौम्य आणि टिकाऊ रूप दिले. 2000 साली अमेरिकेत ते मान्य झाले, आणि 2007 पासून त्याची कातडीला चिकटवावयाची पट्टीही मिळू लागली. 2014 साली त्यांना इस्राएलचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला. ज्यांच्या घरी ही पट्टी वापरतात त्यांनी एक जपावे: नवी लावण्यापूर्वी जुनी काढलीच पाहिजे. दोन-तीन पट्ट्या पाठीवर तशाच राहून विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत.

तिसरे गॅलंटामाइन, हे बर्फात उमलणाऱ्या एका पांढऱ्या फुलाच्या कुळातून आलेले. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी 1950 च्या दशकात ते पोलिओच्या लुळेपणावर वापरात आणले होते; स्मृतीसाठी त्याचा उपयोग पश्चिमेकडे फार नंतर, 2000 च्या सुमारास मान्य झाला. चौथे मेमँटिन, ते या कुळातले नव्हे. त्याचे काम ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्या रसायनावर चालते आणि ते रोग पुढे गेल्यावर देतात. मुळात 1960 च्या दशकात ते मधुमेहासाठी केले होते आणि त्या कामी साफ फसले होते.

कुळकथा झाली. आता त्या भगिनीचा प्रश्न. काही होते का?

डोनेपेझिलच्या चाचण्यांत आठवण, भाषा, वस्तू ओळखणे वगैरेंची 70 गुणांची परीक्षा घेतात. सहा महिन्यांनी, गोळी घेणारे आणि नुसतीच पिठाची गोळी घेणारे यांत सरासरीने अडीच-तीन गुणांचा फरक पडला. सत्तरांत तीन! शाळेत एवढ्या फरकाने कोणी वरच्या तुकडीत जात नाही. घसरण जणू सुमारे सहा महिने मागे गेली, असा त्याचा अर्थ जाणकार लावतात. काहींना याहून अधिक गुण येतो, पुष्कळांना काहीच येत नाही, आणि कोणाला येईल हे आधी सांगता येत नाही. मेंदूतले ठिपके आणि गुंते आपल्या गतीने वाढतच राहतात.

एवढ्याशा गुणासाठी सरकारने पैसे द्यावेत का, यावर ब्रिटनमध्ये मोठे रणकंदन झाले. तेथील औषधे पारखणाऱ्या सरकारी संस्थेने 2005 साली म्हटले की ही औषधे सरकारी खर्चाने देऊ नयेत. दिवसाला अडीच पौंडांचा प्रश्न होता. रोग्यांच्या घरची माणसे रस्त्यावर आली, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर 2011 साली रोगाच्या सुरुवातीपासून औषध देण्यास मान्यता मिळाली. फ्रान्सने याच्या अगदी उलट केले. 2018 च्या ऑगस्टपासून त्यांनी चारही औषधांचा सरकारी परतावा बंद केला. गुण थोडा आणि उपद्रव पुष्कळ, असे कारण दिले. दोन शहाणी राष्ट्रे तेच कागद वाचून दोन निर्णय घेतात. मला विचाराल तर फ्रान्सचा हिशेब बरोबर आहे, पण निर्णय पटत नाही. आमच्या जाऊबाई गोळी सुरू झाल्यावर सुमारे दीड वर्ष आपले पातळ आपण नेसत होत्या. ते गोळीमुळे की नशिबाने, हे मी शास्त्राची शिक्षिका असूनही सांगू शकत नाही. पण ज्या घरात दुसऱ्याला पातळ नेसविण्याची वेळ आली आहे, त्या घराला दीड वर्ष म्हणजे काय ते परीक्षेच्या गुणांत मांडता येत नाही.

आपल्या देशात हा पेच निराळा आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधावर मक्तेदारी मिळत नसे, ती 2005 पासून मिळू लागली; त्यामुळे ही आधीची औषधे आपल्याकडे अनेक कारखान्यांनी बनविली आणि ती त्या मानाने स्वस्त राहिली. पंचाईत किमतीपेक्षा निदानाची आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील शंभरांत सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंशाचा कोणता ना कोणता विकार असावा; एकूण सुमारे 88 लाख माणसे, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण अधिक. यांतल्या किती जणींच्या वाट्याला अजूनही फक्त ‘म्हातारचळ’ हा शब्द येत असेल! आणि विस्मरण दिसले की अल्झायमरच, असेही नव्हे. थायरॉइडची उणीव, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता यांनीही माणूस विसरतो, आणि ते सुधारण्याजोगे असते; म्हणून तपासणीआधी शेजारणीची गोळी कोणी सुरू करू नये.

गोळीचे उपद्रव बहुतेक पोटाचे: मळमळ, जुलाब, अन्नावरची वासना उडणे. म्हणून प्रथम 5 मिलिग्रॅम देतात आणि चार-सहा आठवड्यांनी 10 करतात. वजन दरमहा पाहावे; आधीच काटकुळ्या माणसाला हे औषध आणखी वाळवू शकते. नाडी मंद होते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे, नाहीतर घेरी येऊन माणूस पडतो, आणि या वयात मांडीचे हाड मोडले म्हणजे पुढचे सगळेच कठीण. रात्री भयंकर स्वप्ने पडू लागली तर गोळी सकाळी देता येते का, ते विचारावे.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जाऊबाईंना गोळी सुरू झाल्यावर वारंवार लघवीला लागू लागले. हाही तिचाच एक परिणाम. सूनबाईने त्यांना दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी लघवी आवरण्याची गोळी दिली. आधीच्या गोळ्या विचारल्या नाहीत. पंधरा दिवसांत जाऊबाई दिवसाढवळ्या भिंतीवर मुंग्या पाहू लागल्या आणि सूनबाईला "तू कोणाची गं?" म्हणून विचारू लागल्या. दोन्ही पट्ट्या घेऊन मी बसले आणि लघवीच्या गोळीचा गुणधर्म वाचला, तेव्हा उलगडा झाला: ही गोळी अ‍ॅसेटिलकोलिनला अडवणारी! म्हणजे रात्री बोळा घालावयाचा आणि सकाळी नळ बंद करावयाचा. धोतऱ्याचीच ही सौम्य बहीण. आमच्या मेंदूच्या डॉक्टरांनी ती त्याच दिवशी बंद केली, आणि दहा-बारा दिवसांत मुंग्या गेल्या. याच गुणाची औषधे सर्दीच्या साध्या गोळीत असतात, झोपेसाठी दुकानातून सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत असतात, हात थरथरण्यावरच्या काही गोळ्यांतही असतात. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, ऑक्सिब्युटिनिन, ट्रायहेक्सिफेनिडिल ही नावे डब्यांवर बारीक अक्षरांत छापलेली असतात. चष्मा लावून वाचावीत, आणि सापडली तर डॉक्टरांना दाखवावीत.

नव्या औषधांची वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा असते. ती निराळ्या जातीची. शिरेतून द्यावयाची ही औषधे मेंदूतले ठिपकेच धुऊन काढतात. त्यांतले पहिले अमेरिकेत 2021 साली मान्य झाले आणि 2024 मध्ये कंपनीनेच ते सोडून दिले. नंतरची दोन, लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब, 2023 व 2024 मध्ये तेथे मान्य झाली. ती रोगाच्या अगदी आरंभीच, घसरण थोडी मंद करण्यापुरती. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो की काय, हे पाहावयास पुनःपुन्हा एमआरआय काढावा लागतो. आमच्या जाऊबाईंच्या अवस्थेत त्यांचा उपयोग नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, गोळी थांबवावी केव्हा? रोग खूप पुढे गेला की आता कशाला, असे घरात कोणीतरी म्हणतेच. ब्रिटनमध्ये 295 रोग्यांची याच प्रश्नावर चाचणी झाली आणि 2012 साली प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र रोग असलेल्यांपैकी ज्यांची डोनेपेझिल चालू ठेवली, त्यांचे बंद केलेल्यांपेक्षा थोडे बरे राहिले. बंद केलेल्यांपैकी अधिक जणांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात ठेवावे लागले. म्हणून आपल्या मनाने एका दिवशी गोळी बंद करू नये. अन्न जातच नसेल, नाडी फार मंद झाली असेल, किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला गोळी गिळवणेच छळ होत असेल, तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी, आणि पुढचे महिनाभर लक्ष ठेवावे. एकदम घसरण दिसली तर लगेच कळवावे.

असे लक्ष ठेवण्यासाठी मी एक कोष्टक आखले आहे: वजन, नाडी, जेवण, झोप, पडणे, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे, आयुर्वेदिक धरून. त्याच्या पन्नास प्रती काढून मंडळाच्या कपाटात वरच्या खणात, भिशीच्या वह्यांशेजारी ठेवल्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात. किल्ली चिटणीसबाईंकडे आहे.